प्रश्नपत्रिका जुळवणाऱ्यांसाठी ‘एन्यूमआयटेम’

लाटेक (LaTeX) या आज्ञा लिहून दस्तऐवज जुळवण्याच्या प्रणालीतील क्रमांकित यादीचे मूळ रूप चार पातळ्यांपुरते ठरलेले आहे: आधी अंक, मग कंसातील लहान इंग्रजी अक्षर, त्याखाली लहान रोमन अंक आणि शेवटी मोठे इंग्रजी अक्षर. इंग्रजी शोधनिबंधाचे काम त्यावर भागते. परंतु ‘प्रश्न १’ आणि त्याखाली ‘(अ)’, ‘(ब)’ अशी मराठी प्रश्नपत्रिका जुळवायची झाल्यास लाटेकच्या अंतर्गत आज्ञांना हात घालावा लागतो. ही कटकट हाविएर बेझोस यांच्या ‘एन्यूमआयटेम’ (enumitem) या लाटेकला जोडायच्या मोफत पॅकेजमुळे बरीचशी संपते. क्रमांकाचे रूप, समास आणि दोन मुद्द्यांमधील अंतर या गोष्टी यादी सुरू करतानाच चौकटी कंसात सांगता येतात, किंवा प्रत्येक पातळीसाठी एकदाच ठरवून संपूर्ण दस्तऐवजाला लागू करता येतात. मध्ये सूचनेचा परिच्छेद आला तरी ‘रिझ्यूम’ या पर्यायामुळे पुढची यादी मागील क्रमांकापासूनच चालू राहते, आणि प्रश्नपत्रिकेसाठी एवढ्या एका सोयीखातरही हे पॅकेज घ्यावे.

मजकुरात इतरत्र प्रश्नाचा क्रमांक आपोआप छापणाऱ्या संदर्भांच्या बाबतीत मात्र सावध राहावे लागते. मूळ लाटेकमध्ये दुसऱ्या प्रश्नाच्या पहिल्या उपप्रश्नाचा संदर्भ वरच्या पातळीचा अंक घेऊन येतो. या पॅकेजमध्ये ‘लेबल’ हा क्रमांकाचे रूप ठरवणारा पर्याय बदलला की संदर्भही तेच रूप घेतो आणि वरचा अंक गळतो, त्यामुळे संदर्भाचे रूप ठरवणारा ‘रेफ’ हा पर्याय वेगळा लिहिणे भाग पडते. क्रमांक ठळक हवा असल्यास ती सूचना ‘लेबल’मध्ये न घालता ‘फॉन्ट’ या पर्यायात द्यावी, अन्यथा मजकुरातले संदर्भही ठळक छापले जातात. डावा समास आपोआप मोजण्याची सोय उत्तम आहे. मात्र अंकांच्या यादीत ती एकाच अंकाची रुंदी धरते, म्हणून दहा किंवा अधिक प्रश्न असल्यास सर्वांत रुंद क्रमांक आपणच सांगावा.

मराठी अक्षरांची मोजणी पॅकेजमध्ये तयार मिळत नाही, ही खरी उणीव. पहिल्याला ‘अ’, दुसऱ्याला ‘ब’ अशी क्रमवार अक्षरे देणारी छोटी आज्ञा स्वतः लिहून ती पॅकेजकडे नोंदवावी लागते, आणि नोंदवतानाच त्यातील सर्वांत रुंद अक्षरही कळवावे लागते. (‘अ, ब, क, ड’ घ्यावे की ‘अ, आ, इ, ई’, हे ज्या त्या परीक्षा विभागाने ठरवावे!) लाटेकशी थोडी ओळख असलेल्याला हे काम अवघड नाही, पण नवख्याला पहिल्याच पायरीवर अडवणारे आहे.

बीमर या लाटेकमधील सादरीकरणाच्या साधनात केलेल्या स्लाइडसाठी मात्र हे पॅकेज वापरू नये. तेथील याद्यांची व्यवस्था स्वतंत्र आहे आणि हे जोडताच यादीची बिंदुचिन्हेच नाहीशी होतात.