मावशींचं हॉटेल, महात्मानगर: साबुदाणा वडे, भगर आणि मनिलाची फायनल

नाशिकला महात्मानगरच्या क्रिकेट मैदानामागून त्र्यंबक रोडकडे निघालं की एका आतल्या गल्लीत हे हॉटेल लागतं. पाटीवर नाव नाही, 'चहा, नाश्ता, उपवासाचे पदार्थ' एवढंच रंगवलंय. सगळे मावशींचं हॉटेल म्हणतात. आत सहा टेबलं, बाहेर पत्र्याखाली दोन बाकडी, आणि गल्ल्यासमोरच्या भिंतीवर टीव्ही. मी शाळेत खेळ शिकवते, मुलींचा बास्केटबॉल संघ माझ्याकडे आहे. २०२२ पासून रविवारची प्रॅक्टिस संपली की आम्ही इथे येतो. दोन तास पळून आलेल्या दहा-बारा पोरींना खाऊ घालता घालता माझं या जागेबद्दलचं मत बनलं आहे.

मिसळ फक्त रविवारी, सकाळी साडेसात ते अकरा. रस्सा काळ्या मसाल्याचा, मटकी मोडाची आणि दाणा अख्खा राहिलेला. तर्री वेगळ्या वाटीत देतात, ही मला आवडणारी गोष्ट, कारण सहावीतल्या मुलीला झेपेल तेवढंच तिखट तिला घेता येतं. सोबत दही, पापड, दोन पाव. ऐंशी रुपये. नाशकात याहून झणझणीत मिसळी पुष्कळ आहेत, पण इथली खाऊन दुपारभर घसा जळत नाही.

इथे यावं ते मात्र साबुदाणा वड्यांसाठी. वरचं कवच कुरकुरीत, आत दाणा चिवट न होता मऊ, आणि बटाटा फक्त बांधण्यापुरता. दाण्याचं कूट त्या जाडसर ठेवतात, त्यामुळे दाताखाली शेंगदाणा लागतो. तेल ताजं असतं, हे दुसरा वडा खाताना कळतं. सोबतच्या दह्याच्या चटणीत साखर थोडी जास्त पडते, मी सांगितल्यापासून आमच्या टेबलावर साधं दही येतं. एकादशीला आणि श्रावणी सोमवारी भगर आणि दाण्याची आमटी मिळते. आमसूल, गूळ, जिरं, सगळं जागच्या जागी. आठनंतर गेलात तर आमटी पातळ झालेली असते, म्हणून लवकर जा.

आता त्या संध्याकाळबद्दल. खरं तर तिच्यासाठीच मी लिहायला बसले.

२०२३ च्या बास्केटबॉल विश्वचषकात माझ्या मुलींनी जर्मनीचा संघ धरला होता. भारत या स्पर्धेत आजवर एकदाही पोचलेला नाही, १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकला आपला संघ खेळला होता, तेवढंच. मग धरायचं कोणाला? मी त्यांना जर्मनीचे प्रशिक्षक गॉर्डन हर्बर्ट यांची एक गोष्ट सांगितली होती. मूळचा कॅनडाचा माणूस. संघ हाती घेतल्यावर त्याने खेळाडूंना सांगितलं, मला तुमचे तीन उन्हाळे द्या. अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या लीगमध्ये वर्षभर खेळून थकलेल्या माणसांकडे त्याने सुट्टीचे तीन मोसम मागितले आणि बहुतेकांनी दिले. पहिल्या उन्हाळ्यात, २०२२ ला, युरोपच्या स्पर्धेत ब्राँझ मिळालं. हा दुसरा उन्हाळा होता. आमच्याकडे नववी संपली की क्लास लागतात आणि मुलगी कोर्टवर दिसेनाशी होते. तीन उन्हाळे ही गोष्ट माझ्या मनाला का लागली, ते कोणत्याही खेळाच्या शिक्षकाला कळेल.

जपानमधल्या ओकिनावात पहिल्याच सामन्यात यजमान जपानविरुद्ध फ्रांझ वाग्नरचा घोटा दुखावला. संघातला सगळ्यात मोठा उगवता खेळाडू, आणि तोच बाहेर. तरी ऑस्ट्रेलियाला ८५-८२ असं हरवलं, मग फिनलंड, जॉर्जिया आणि स्लोव्हेनिया या तिघांविरुद्ध शंभरी गाठली. उपांत्यपूर्व फेरीत गाठ लॅटव्हियाशी. हा देश पहिल्यांदाच विश्वचषक खेळत होता आणि तोवर फ्रान्स आणि स्पेन दोघांना हरवून बसला होता. बुधवारी दुपारी सव्वादोनचा सामना, मुली वर्गात, मी स्टाफरूममध्ये फोनवर. कर्णधार डेनिस श्रोडरने २६ वेळा बास्केटकडे चेंडू टाकला आणि त्यातले ४ आत गेले. चार! शेवटच्या क्षणी लॅटव्हियाच्या दाविस बेर्तान्सचा तीन गुणांचा शॉट रिंगला लागून बाहेर आला आणि जर्मनी ८१-७९ अशी वाचली. दुसऱ्या दिवशी मी श्रोडरचा '२६ पैकी ४' हा आकडा फळ्यावर लिहिला. आमच्या कॅप्टनने जिल्हा स्पर्धेत लागोपाठ फ्री थ्रो घालवले होते आणि तेव्हापासून ती मोकळी असली तरी पास करून टाकायची. ती फळ्याकडे बराच वेळ बघत राहिली. "मॅडम, एवढं चुकल्यावर याला पुढच्या सामन्यात घेतील?" तिने विचारलं. शुक्रवारी संध्याकाळी श्रोडर अमेरिकेविरुद्ध पहिल्या पाचात होता.

तो सामना जवळ राहणाऱ्या तिघींनी माझ्या घरी लॅपटॉपवर पाहिला. ११३-१११. वाग्नर परतला होता, त्याचे २२ गुण, आंद्रेयास ओब्स्टचे २४. अमेरिका एका गुणावर आली असताना ओब्स्टने घाई न करता तीनचा टाकला, त्याच्या मनगटाचं वळण मी मुलींना चार वेळा मागे नेऊन दाखवलं. शनिवारी बाकीच्या सगळ्या माझ्या मागे लागल्या, मनिलातली फायनल आम्हालाही बघायची. माझ्या दोन खोल्यांत अकरा पोरी मावल्या नसत्या. मी मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, "आणा की पोरींना."

तेव्हा आम्हा दोघींच्याही लक्षात आलं नव्हतं की रविवारी, १० सप्टेंबरला, आशिया कपात भारत-पाकिस्तान आहे.

आम्ही साडेपाचला पोचलो तेव्हा हॉटेल गच्च. अजा एकादशी, दुसऱ्या दिवशी शेवटचा श्रावणी सोमवार, त्र्यंबकला निघालेली माणसं वाटेत भगर खायला थांबलेली, आणि सगळ्यांच्या माना टीव्हीकडे. कोलंबोत पाऊस सुरू झाला होता. भारत २ बाद १४७, पडद्यावर नुसती झाकलेली खेळपट्टी. मी लॅपटॉप टीव्हीला जोडायची केबल पिशवीतच ठेवली आणि मुलींना म्हटलं, चला, बाहेर बाकड्यावर बसू, फोनवर बघू. मावशी गल्ल्यावरून उठून आल्या. हॉटेलभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "पाऊस थांबेपर्यंत पोरींचा सामना लागेल. थांबला की परत क्रिकेट. मी शब्द दिलाय." एका काकांनी कुरकुर केली. मावशींनी त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि रिमोट माझ्या हातात दिला.

"आपलं कोण यात?" केबल जोडताना त्यांनी विचारलं.

"आपलं कोणीच नाही, मावशी."

"मग पोरी कोणाकडून?"

"जर्मनीकडून. समोर सर्बिया."

"बरं," त्या म्हणाल्या आणि वडे तळायला आत गेल्या.

सर्बियाबद्दलही सांगायला हवं. त्यांचा बोरिशा सिमानिच याच स्पर्धेत दक्षिण सुदानविरुद्ध पोटाला मार लागून कोसळला आणि शस्त्रक्रियेत त्याची एक किडनी काढावी लागली. त्यांचा सगळ्यात मोठा खेळाडू निकोला योकिच त्या उन्हाळ्यात खेळलाच नव्हता. तरी तो संघ फायनलला आला होता. त्यांचे प्रशिक्षक स्वेतिस्लाव पेशिच यांनीच १९९३ साली जर्मनीला युरोपचं विजेतेपद मिळवून दिलं होतं. हे मी मुलींना सांगत होते, आणि शेजारच्या टेबलावरचे काका चहाचा कप तसाच धरून ऐकत होते. मध्यंतराला ४७-४७. वडे बरोबर तेव्हा आले, तळणातून थेट. मावशींना मी वेळ सांगितली नव्हती, त्यांनी पडद्यावरचं घड्याळ बघून अंदाज बांधला होता.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये जर्मनीने सर्बियाला फक्त १० गुण करू दिले आणि स्वतः २२ केले. असा बचाव मुलींनी कधी पाहिला नव्हता. चेंडू कुणाकडेही जावो, पाचही जणांचे पाय हलत होते, हात वर होते. मी मुलींना रोज हेच ओरडून सांगते. कुरकुर करणाऱ्या काकांनी विचारलं, "पाच फाउल झाले की खेळाडू परत येत नाही का?" आमच्या संघात गार्डच्या जागी खेळणाऱ्या सातवीतल्या मुलीने त्यांना नियम समजावून सांगितला, नीट, न लाजता. ही मुलगी वर्गात प्रश्नाचं उत्तर द्यायला उभी राहत नाही. मधेच कुणाच्या तरी फोनवर आलं की पंच मैदान बघायला निघालेत, आणि अकरा चेहरे मावशींकडे वळले. मावशींनी हातानेच बसा म्हणून खूण केली.

सर्बियाने फरक कमी करत आणला. शेवटच्या मिनिटात फरक अगदी थोडा उरला असताना श्रोडर थेट रिंगकडे घुसला आणि चेंडू आत गेला. ८३-७७. त्याचे २८ गुण, स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडूही तोच. आठ सामने, आठ विजय. आमची कॅप्टन ओरडली नाही. बाकीच्या नाचत असताना ती खुर्चीवर बसून रडत होती. मी तिच्याशेजारी जाऊन बसले, बोलले काही नाही. कोलंबोत त्या रात्री खेळ परत सुरू झालाच नाही, सामना राखीव दिवसावर गेला.

बिल आलं. वडे, भगर, चहा, मोजून. मावशींनी एक कपही सोडला नव्हता, आणि दोन तास अडवलेल्या तीन टेबलांचा एक रुपयाही लावला नव्हता. मला दोन्ही आवडलं. शाळेतल्या मुलींना फुकट खाऊ घातलं असतं तर पुढच्या रविवारी मला संकोच वाटला असता.

उणिवा सांगते. मागच्या बाजूच्या बाथरूमची कडी नीट लागत नाही, मुली जोडीने जातात आणि एक दाराशी उभी राहते. हे मी तीनदा सांगितलंय, दुरुस्त व्हायला हवं. चहा गोड असतो, कमी साखरेचा आधी सांगावा लागतो. कोपऱ्यातल्या टेबलावरचा पंखा इतका वाजतो की समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही. गाडी गल्लीत लावायला जागा नाही, मैदानाच्या बाजूला लावून चालत यावं. दुपारी तीन ते पाच बंद. गर्दीत बाहेरच्या बाकड्यावरची ऑर्डर विसरली जाते, उठून सांगावं लागतं.

त्या अकरांपैकी चौघींनी दहावीत खेळ सोडला. त्यांच्या घरच्यांशी मी बोलले, प्रत्येकीच्या घरी गेले. कॅप्टन मात्र टिकली, आता ज्युनिअर कॉलेजात आहे आणि शनिवारी लहान मुलींना ड्रिबलिंग शिकवायला येते. मोकळी असली की शॉट घेते. २०२५ ला जर्मनीने तुर्कस्तानला ८८-८३ असं हरवून युरोपचं विजेतेपदही मिळवलं, पण तो सामना आपल्याकडे मध्यरात्रीच्या सुमाराला होता, हॉटेल केव्हाच बंद झालेलं. मी घरी एकटीने पाहिला. पुढचा विश्वचषक २०२७ ला कतारमध्ये आहे. मावशींनी फायनलची तारीख विचारून घेतली आहे, १२ सप्टेंबर, रविवार.

मिसळीला जाणार असाल तर रविवारी नऊच्या आत जा. साडेनऊला आम्ही येतो, आणि टीव्हीखालची तीन टेबलं तासभर तरी मिळणार नाहीत.