जुन्या ई-क्लासला शॉकप कोणते टाकावेत: मूळ, दमदार, रिकंडिशन की एअर काढून स्प्रिंग?

मेहुणे शिरपूरला असतात. त्यांच्याकडे २००८ ची बीएमडब्ल्यू पाच सिरीज आहे, आमच्याकडे जळगावात आप्पांनी हौसेने घेतलेली २००७ ची डिझेल मर्सिडीज ई-क्लास. दोन्हींची इंजिनं अजून ठणठणीत आहेत. आमच्या गाडीचे शॉकप गेल्या वर्षी बदलले, आता मेहुण्यांच्या गाडीचे बदलायचे आहेत आणि फोनवर रोज एकच विषय: "कोणते टाकू?" त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहितो.

आधी शॉकप खरंच गेलेत का ते बघा. बोनेट दाबून गाडी किती वेळा डोलते यावर फार विसंबू नका. जड गाडीचा अर्धा संपलेला शॉकपही त्या परीक्षेत पास होतो. त्यापेक्षा टायरवरून तळहात सावकाश फिरवा. रबर एकसारखं न झिजता ठिकठिकाणी खोलगट लागलं, तर चाक रस्त्यावर टेकून न राहता उड्या मारत चाललंय. शॉकपच्या नळीवर तेलाने धूळ चिकटून काळा थर बसला असेल तर शंकाच नको. ८० हजार किलोमीटर झाले असतील तर एकदा वर घेऊन बघायलाच हवं. चाक उडतं तेव्हा ब्रेकही तेवढा वेळ कामाचा नसतो.

आता निवड. पहिला पर्याय म्हणजे गाडीला कारखान्यातून आले होते त्याच मापाचे, त्याच ताकदीचे शॉकप. सॅक्स कंपनीचे किंवा बिल्स्टाइन कंपनीचे बी ४ या गटात येतात. दुसरा पर्याय दमदार शॉकप, म्हणजे बिल्स्टाइन बी ६. उंची तीच, पण आवर (म्हणजे स्प्रिंगचं वरखाली होणं रोखायची ताकद) जास्त. (बी ८ हा खाली केलेल्या स्प्रिंगसाठी असतो. आपल्याकडच्या गतिरोधकांवर आधीच पोट घासतं, तेव्हा त्याच्या वाटेला जाऊ नका.)

या दोन गटांतला फरक समजायला आतली रचना बघावी लागते. बऱ्याच साध्या शॉकपमध्ये एकात एक अशा दोन नळ्या असतात. खराब रस्त्यावर पिस्टन सारखा वरखाली झाला की तेल तापतं, त्यात फेस होतो आणि आवर ढिला पडतो. बी ६ मध्ये एकच नळी असते. तेल आणि दाबाखालचा नायट्रोजन यांच्यामध्ये सरकता पडदा असतो, त्यामुळे फेस होत नाही. शिवाय तेलाची नळी थेट वाऱ्याला लागते, म्हणून ती लवकर थंड होते. मे महिन्यात पारा ४५ ला टेकलेला असताना धुळे–जळगाव रस्त्यावर भरल्या गाडीने रोज जाणाऱ्याला हा फरक जाणवतो. वेगात गाडी लाटेसारखी हलत नाही, कन्नड घाटाच्या वळणांत झुकत नाही.

पण याची दुसरी बाजू दुकानात सांगत नाहीत. एका नळीच्या शॉकपला बाहेरून दगड बसून खड्डा पडला तर आतला पिस्टन तिथेच अडकू शकतो. दोन नळ्यांच्या शॉकपची बाहेरची नळी थोडी चेपली तरी काम चालून जातं. रावेर-यावलकडे केळीच्या बागेपर्यंत कच्च्या रस्त्याने गाडी न्यायची असेल तर हे लक्षात ठेवा. आणि हळू वेगात, गल्लीतल्या खड्ड्यांवर बी ६ कडक लागतो. आप्पा ७० पार केलेले, मागे बसणारे. त्यांच्या कमरेसाठी मी मूळ मापाचेच घेतले आणि आजही तेच घेईन.

मेहुण्यांची गोष्ट वेगळी. ते स्वतः चालवतात, आठवड्यातून दोनदा इंदूर. त्यांना मी बी ६ च सुचवलं, पण एका अटीवर. त्यांच्या गाडीला रन-फ्लॅट टायर आहेत, म्हणजे पंक्चर झाले तरी थोडं अंतर चालणारे. त्या टायरची भिंत मुळातच ताठ असते, त्यावर कडक शॉकप म्हणजे बैलगाडी. आधी साधे टायर घ्या, डिकीत स्टेपनी किंवा निदान पंक्चर किट ठेवा, मग बी ६. दुसरं, बीएमडब्ल्यूला इलेक्ट्रॉनिक डॅम्पिंग (शॉकपचा कडकपणा विजेवर बदलणारी सोय) असेल तर शॉकपला वायर आलेली असते. ती असेल तर साधा शॉकप बसवून डॅशबोर्डवर दिवा पेटवून घेऊ नका.

रिकंडिशन, म्हणजे जुना शॉकप कापून, तेल-गॅस भरून परत वेल्ड केलेला. हायवेला चालणाऱ्या पावणेदोन टनाच्या गाडीला नको. स्प्रिंगच्या वेटोळ्यांत रबरी बफर अडकवून गाडी उचलून घेणंही नको; त्याने स्प्रिंगची चाल बंद होते आणि सगळा दणका नव्या शॉकपवर जातो.

आमची चूक सांगतो, कारण पैसे तिथेच वाया गेले. पहिल्यांदा एका गॅरेजमध्ये फक्त शॉकप बदलले. वरचे माउंट (शॉकप गाडीला जोडणारा रबरी भाग), बंप स्टॉप (शॉकप पूर्ण दबू न देणारा रबरी ठोकळा), लोअर आर्मचे बुश (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याच्या सांध्यातलं रबर) जुनेच ठेवले. पाळधीपर्यंत जाऊन येईतो टकटक परत सुरू. सगळं पुन्हा खोलावं लागलं, लेबर दोनदा गेलं. दुसऱ्या मिस्तरींनी जुना माउंट माझ्या हातात दिला. रबर अंगठ्याने दाबलं तर भाकरीसारखं तडकलं. तेव्हापासून माझं ठाम मत आहे: बजेट कमी असेल तर महागडा शॉकप सोडा, मूळ मापाचा घ्या आणि उरलेल्या पैशांत सगळं रबर नवं करा. जुन्या गाडीला खरा आराम तिथून येतो.

त्याच मिस्तरींनी आणखी एक गोष्ट दाखवली. बुशचे बोल्ट त्यांनी गाडी लिफ्टवर लटकलेली असताना नुसते हाताने लावले आणि चाकांवर वजन आल्यावरच आवळले. लटकत्या स्थितीत आवळलं तर गाडी खाली आल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. तुमचा मिस्तरी हे करतो का, तिथे उभं राहून बघा. स्प्रिंग दाबायचं यंत्रही धड हवं; दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जिवानिशी जातो.

एअर सस्पेन्शनवाल्यांपुढचा, म्हणजे ज्यांची गाडी स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांवर तोललेली असते त्यांच्यापुढचा, पेच मोठा आहे. रात्रीतून गाडी एका कोपऱ्यात बसत असेल तर बहुतेक रबरी फुगा चिरलाय. तसंच चालवत राहिलात तर हवा भरून भरून कॉम्प्रेसरही जळतो. अर्नॉटसारख्या कंपन्या नवे एअर स्ट्रटही (फुगा आणि शॉकप एकत्र असलेला भाग) देतात आणि एअर काढून स्प्रिंग बसवायचं किटही. एअर ठेवलं तर लग्नाला पाच माणसं आणि बॅगा भरल्या तरी मागची बाजू सपाट राहते, तो आराम स्प्रिंगला नाही. किट बसवलं तर हवेचं दुखणं संपतं, पण चेतावणीचा दिवा बंद करणारं मॉड्यूल किटमध्ये आहे ना ते विचारा. गाडी अजून सात-आठ वर्षं ठेवायची आणि मिस्तरी नाशिक-पुण्याशिवाय मिळत नाही, अशी स्थिती असेल तर स्प्रिंग. वर्षा-दोन वर्षांत विकायची असेल तर एअरच दुरुस्त करा, जाणकार गिऱ्हाईक मूळ गाडी मागतं.

काहीही घ्या, एका ॲक्सलचे, म्हणजे पुढचे किंवा मागचे, दोन्ही शॉकप एकत्रच बदला. बीएमडब्ल्यूच्या पुढच्या बाजूला स्ट्रटच (शॉकप आणि स्प्रिंगची एकत्र जोडणी) चाक धरून ठेवतो, म्हणून तिथे काम झाल्यावर चाकांची अलाइनमेंट त्याच दिवशी. मेहुण्यांनी पुढच्या सोमवारी गाडी आणायचं ठरवलंय. माउंट आणि बुशची यादी मी मिस्तरींकडे आधीच देऊन आलोय.