मॉरिस मायनरच्या फ्युएल पंपाचं वायरिंग, नाना पेठेतला इलेक्ट्रिशियन

आमची १९५८ ची मॉरिस मायनर १००० चढावर दम टाकायची, सगळे म्हणाले कार्बोरेटर खोला, पण या इलेक्ट्रिशियन काकांनी आधी चावी फिरवून नुसता कान लावला. या गाडीत एसयू मेकचा इलेक्ट्रिक पेट्रोल पंप असतो, चावी ऑन केली की टकटक करतो आणि फ्लोट चेंबर (कार्बोरेटरमधली पेट्रोलची छोटी टाकी) भरलं की गप्प बसायला पाहिजे. आमचा मरतुकडा वाजत होता.

पंपाची वायर काढून मीटर लावला तर १२ व्होल्ट फुल, म्हणजे वायरिंग ओके असं कुणीही म्हणेल ना, पण काकांनी पंप जोडून चालू असताना परत मोजलं तर ९ च्या आसपास! मग मीटरची एक पिन पंपाच्या बॉडीला, दुसरी बॅटरीच्या अर्थ टर्मिनलला, तिथेच दीड व्होल्ट खाल्ला जात होता, गंजलेलं अर्थिंग. बाकीचा इग्निशनकडून येणाऱ्या पांढऱ्या वायरच्या कुजलेल्या जॉइंटमध्ये. दोन्ही नवीन केले, पंपाचे पॉइंट घासले, मध्ये फ्यूज टाकला (कंपनीने दिलेलाच नव्हता, कमाल आहे).

आणि ही गाडी पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेली) आहे हे त्यांना सांगावं लागलं नाही, यातच सगळं आलं.

मजुरी थोडी जास्त वाटली, फोन तर उचलतच नाहीत, आणि पार्किंगचं विचारूच नका. सकाळी लवकर जा.