सांताक्रूझ की सांता रोझा? बेटावर तंबू ठोकण्याआधी

लॉस एंजेलिसहून दीडेक तास गाडी चालवली की व्हेंचुरा बंदर येतं. हवा स्वच्छ असेल तर धक्क्यावरूनच समोर डोंगरांची एक निळसर रेघ दिसते. तीच चॅनल आयलंड्सची बेटं. १९८० साली पाच बेटांचं मिळून हे राष्ट्रीय उद्यान झालं. तिथे पूल नाही, हॉटेल नाही, दुकान नाही. जायचं बोटीनं, राहायचं आपल्या तंबूत, आणि जे लागेल ते सगळं इथूनच न्यायचं. विसरलेली काडेपेटी आणायलासुद्धा परत येता येत नाही.

दर वर्षी ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच, "पहिल्यांदाच जातोय, कुठलं बेट घेऊ?" बहुतेकांची ओढाताण सांताक्रूझ आणि सांता रोझा या दोघांत असते. सांताक्रूझ म्हटलं की मुंबईकराच्या डोळ्यांसमोर पश्चिम रेल्वेचं स्टेशन येतं, आणि ते काही चूक नाही. इथलं नाव स्पॅनिश, तिथलं पोर्तुगीज, अर्थ मात्र एकच, पवित्र क्रूस. आम्ही दोन्ही बेटांवर राहिलो आहोत, सांताक्रूझवर तर चार वेळा. माझं सांगणं एवढंच की फोटो बघून बेट ठरवू नका, फोटो सगळ्याच बेटांचे सुंदर येतात. पाणी कुठे मिळतं, वारा किती असतो आणि बरोबर कोण आहे, हे बघून ठरवा.

बोटीचा प्रवास

व्हेंचुराहून सांताक्रूझच्या स्कॉर्पियन धक्क्यावर जायला साधारण तास लागतो. सांता रोझाला तीन तासांच्या आसपास. कागदावर हा फरक दोन तासांचा दिसतो, पण ज्यांना बोट लागते त्यांना विचारा. पहिला तास डॉल्फिन बघण्यात मजेत जातो. पुढे बेटांचा आडोसा सुटला की वारा आणि लाटा दोन्ही वाढतात, आणि मग हसरे चेहरे एकेक करून गप्प होतात. आमच्याबरोबरच्या एका मित्रानं दुसऱ्या तासानंतर आलेपाकाची वडी तोंडात धरून मागच्या कठड्याशी उभं राहून उरलेली वाट काढली. गोळी घ्यायचीच असेल तर बोट सुटायच्या आधी घ्या, मळमळायला लागल्यावर तिचा उपयोग नाही. बोटीत मागच्या बाजूला, उघड्यावर, नजर क्षितिजावर ठेवून उभं राहावं.

उतरतानाही फरक आहे. सांता रोझाच्या बेचर्स बे धक्क्यावर चढायला लोखंडी शिडी असते, सुमारे २० फूट उंच, आणि खाली बोट हेलकावत असते. तरुण माणसाला त्यात काही वाटणार नाही. गुडघे दुखणाऱ्या आईला मात्र मी त्या शिडीवर चढवणार नाही. स्कॉर्पियनला समुद्र कसा आहे त्यावर उतरण्याची पद्धत बदलू शकते, म्हणून तिकीट काढताना त्या दिवसांत कुठे आणि कसं उतरवतात ते विचारून घ्यावं.

ओझं आणि पाणी

स्कॉर्पियनचा तळ धक्क्यापासून अर्ध्या मैलावर आहे, वाट जवळजवळ सपाट. तंबूच्या तीसेक जागा, निलगिरीच्या मोठ्या झाडांची सावली, प्रत्येक जागेवर टेबल आणि खाणं ठेवायला पेटी. पिण्याचं पाणी नळाला. हे शेवटचं वाक्य वाचून पुढे जाऊ नका. तीन दिवसांचं माणशी १२ लिटर पाणी पाठीवरून उतरलं की सहलीचं स्वरूपच बदलतं. त्या जागी डाळ-तांदूळ, कांदे, लहान मुलांचे जास्तीचे कपडे, आजीची घडीची खुर्ची, सगळं मावतं.

सांता रोझाच्या वॉटर कॅन्यनलाही नळाचं पाणी आहे, पण तळ धक्क्यापासून दीड मैलावर. पाठीवर सॅक आणि समोरून वारा असा तो दीड मैल आहे. स्कॉर्पियनला लोक जमेल ते पिशव्यांतून हातात धरून दोन खेपा करतात. इथे दोन खेपा म्हणजे साडेचार मैलांची चाल, ती कुणी करत नाही. एकाच सॅकमध्ये मावेल तेवढंच न्यायचं. जागा फक्त १५ आहेत, त्यामुळे गर्दी अशी कधी नसतेच.

अ‍ॅनाकापा या तिसऱ्या बेटाचं नावही नेहमी निघतं, कारण ते किनाऱ्यापासून सगळ्यांत जवळ आणि फोटोत सगळ्यांत देखणं. पण तिथे पाणी नाही, सावली नाही, आणि धक्क्यावरून वर जायला दीडशेहून जास्त पायऱ्या. दोन माणसं, दोन रात्री, म्हणजे जाता-येताचे धरून तीन दिवस. माणशी रोज चार लिटर धरलं तरी २४ लिटर, म्हणजे नुसतं पाणीच २४ किलो. त्यात एप्रिल ते ऑगस्ट हा तिथल्या वेस्टर्न गल पक्ष्यांचा विणीचा काळ. वाटेच्या कडेनं अंडी आणि पिल्लं, हवेत विष्ठेचा उग्र वास, आणि रात्रभर कलकलाट. १९३२ सालच्या दीपगृहाचा भोंगाही धुक्यात वाजतच असतो. अ‍ॅनाकापा दिवसभरासाठी जाऊन या, जरूर जा. झोपायला मी कुणाला पाठवणार नाही.

वारा

सांता रोझावर प्रत्येक तंबूच्या जागेला एक लाकडी आडोसा बांधलेला आहे. पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं, एवढं कशाला? रात्री दोन वाजता कळलं. घळीच्या वरच्या अंगानं वारा आधी ऐकू यायचा, लांबून गाडी येत असल्यासारखा, आणि मग चारपाच सेकंदांनी तंबूवर आदळायचा. कापड आत येऊन थेट नाकाला लागायचं. आम्ही तंबू आडोशाच्या भिंतीपासून हातभर लांब ठोकला होता, ऐसपैस वाटावं म्हणून. पहाटेपर्यंत एक दांडी वाकली. सकाळी शेजारच्या जागेवरच्या जोडप्यानं आम्हाला तंबू आडोशाला अगदी चिकटवून, दोऱ्या थेट लाकडाला बांधून कसा उभा करायचा ते दाखवलं. दुसरी रात्र शांत झोप लागली. तेव्हा सांता रोझाला जाणार असाल तर बुटका, भक्कम तंबू आणि जास्तीची दोरी. घरामागच्या अंगणात लावतो तो उंच, कौटुंबिक तंबू तिथे टिकत नाही.

स्कॉर्पियनची दरी त्या मानानं बंदिस्त आहे. वारा तिथेही सुटतो, पण झोप मोडेल असा क्वचित. तिथे झोप मोडलीच तर शेजारच्या तंबूतल्या गप्पांनी मोडते. शनिवारी तळ भरलेला असतो. शांतता हवी असेल तर सोमवार ते गुरुवार जा.

कोल्हे, कावळे आणि खाण्याची पेटी

या बेटांवरचा कोल्हा घरच्या मांजराएवढा असतो. स्कॉर्पियनला तो टेबलाखालून बिनधास्त फिरतो आणि लहान मुलं हरखून जातात. पण त्याला खाऊ घालू नका, तंबूचं दार उघडं ठेवू नका. त्याची गोष्ट ठाऊक झाली की हे आपोआप पाळलं जातं. डीडीटी हे कीटकनाशक समुद्रात गेल्यामुळे या बेटांवरचे मासेखाऊ बाल्ड ईगल नाहीसे झाले. मोकळ्या झालेल्या आकाशात मुख्य भूमीवरून गोल्डन ईगल आले आणि सांताक्रूझवर मोकाट सुटलेल्या डुकरांच्या पिल्लांवर पोसले गेले. आभाळातून झडप पडते हे या कोल्ह्यांना माहीतच नव्हतं. १९९० नंतरच्या काही वर्षांत सांता रोझावर अवघे १५ कोल्हे उरले. मग गोल्डन ईगल पकडून दूर नेऊन सोडले, डुकरं हटवली, बाल्ड ईगल पुन्हा आणले, पिंजऱ्यात कोल्ह्यांची वीण वाढवली. २०१६ साली सांताक्रूझ, सांता रोझा आणि सान मिगेल या बेटांवरचे कोल्हे संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीतून बाहेर आले. आज तुमच्या पायाशी घुटमळणारा कोल्हा माणसांच्या वीस वर्षांच्या मेहनतीनं तिथे आहे. तो आपल्या बिस्किटांवर जगायला शिकू नये.

कावळ्यांचं प्रकरण वेगळं. रेव्हन म्हणजे आपल्या डोमकावळ्याहूनही मोठा पक्षी, आणि त्याला चेन उघडता येते. मी दहा पावलांवरून बघितलं आहे. एकानं सॅकवर उभं राहून चेनीचा पट्टा चोचीत धरला, मान वाकडी करून हळूहळू मागे ओढला, मग डोकं आत घालून दशम्यांची फॉइलमधली आख्खी चवड बाहेर काढली. दुसरा तोवर शेंगदाण्याच्या चटणीच्या पिशवीपर्यंत पोचला होता. तेव्हा फिरायला निघताना खाण्याचं सगळं, अगदी टूथपेस्टसुद्धा, पेटीत आणि पेटीची कडी लावलेली. उंदरांसाठीही हे गरजेचं आहे, कारण इथल्या उंदरांमध्ये हंटाव्हायरस हा माणसालाही घातक विषाणू सापडलेला आहे.

दोन्ही बेटांवर शेकोटीला बंदी आहे, कोळशालाही. फक्त गॅसचा छोटा स्टोव्ह चालतो, आणि त्याचा डबा सॅकमध्ये न ठेवता बोटीवरच्या लोकांकडे वेगळा द्यावा लागतो. कचरा आपल्याबरोबर परत. पिठलं-भात दोन्हीकडे सारखाच छान लागतो.

दिवसा काय करायचं

इथे सांता रोझा पुढे जातं, निदान माझ्या मते. दोन मैल लांब पांढरा किनारा, त्यावर आपण चौघं आणि पाणपक्षी. टॉरी पाइनची झाडं जगात फक्त दोन ठिकाणी नैसर्गिकरीत्या वाढतात, एक सॅन डिएगोजवळ आणि दुसरं या बेटावर. त्या वाकड्यातिकड्या झाडांखाली बसून खालची खाडी बघण्यासाठी तीन तासांची बोट मला पुन्हा चालेल. १९५९ साली याच बेटावर माणसाची जी हाडं सापडली ती सुमारे १३,००० वर्षांपूर्वीची ठरली. १९९४ साली बुटक्या मॅमथचा जवळजवळ पूर्ण सांगाडा मिळाला. या गोष्टी मुलांना तिथेच, त्याच मातीवर बसून सांगता येतात.

स्कॉर्पियनला फिरणं सोपं आहे. कॅव्हर्न पॉइंटची छोटी फेरी आजी-आजोबाही दमानं करतात, पोटॅटो हार्बर जाऊन येऊन पाचेक मैल. समुद्रातल्या गुहांमधून वाटाड्याबरोबर कयाक चालवता येते, ते सांता रोझाला नाही. आणि आयलंड स्क्रब जे हा गडद निळा पक्षी जगात फक्त सांताक्रूझ बेटावर आहे.

सान मिगेलबद्दल कुणी सुचवलंच तर तूर्त राहू द्या. तिथे पूर्वी नौदलाचा बॉम्बफेकीचा सराव चालायचा, न फुटलेले बॉम्ब जमिनीत असू शकतात, म्हणून लांबच्या वाटांवर रेंजरबरोबरच जावं लागतं. नळाचं पाणीही नाही.

मग कुठलं

लहान मुलं, भारतातून आलेले आई-बाबा किंवा तंबूत पहिल्यांदाच झोपणारं कुणी बरोबर असेल तर स्कॉर्पियन, आणि एकच रात्र असेल तरी स्कॉर्पियन. सांता रोझाला एका रात्रीसाठी जाण्यात अर्थ नाही, जाण्यायेण्यातच जीव जातो. दोन रात्री हव्यात, आणि जेवण तीन रात्रींचं न्यावं, कारण समुद्र खवळला तर परतीची बोट त्या दिवशी येत नाही. शिवाय सांता रोझाच्या बोटी हिवाळ्यात बंद असतात आणि एरवीही रोज नसतात.

आधी बोटीचं तिकीट, मग तळावरची जागा, या क्रमानं काढा. रात्रीला १५ डॉलर भरून जागा घेऊन ठेवलेले आणि बोटच न मिळालेले लोक मला माहीत आहेत. महिना म्हणाल तर हिरवळ आणि फुलांसाठी एप्रिल, पण तेव्हा सांता रोझाचा वारा जोरात असतो. जूनमध्ये धुकं दुपारपर्यंत हटत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात गवत वाळून सोनेरी झालेलं असतं, समुद्र बराच निवांत, आणि पाणी त्यातल्या त्यात कमी गार.

आमची ऑक्टोबरची सांता रोझाची तिकिटं काढून झाली आहेत, या वेळी तंबू नवा आणि बुटका. मुलीला तो निळा पक्षी पुन्हा बघायचा आहे, म्हणून मे महिन्यात आई-बाबा आले की सगळ्यांना घेऊन स्कॉर्पियन.