लोकलने नदीकाठी: आठ महिन्यांच्या पायपिटीनंतर

गेल्या ऑक्टोबरात मी आणि माझी नणंद डोंबिवलीहून नेरळला गेलो, ते माथेरानला न जाण्यासाठी. आमच्याबरोबर उतरलेली गर्दी टॅक्सीवाल्यांच्या गराड्यात शिरली आणि आम्ही दोघी रूळ ओलांडून उलट्या बाजूला, नदीकडे निघालो. एका टॅक्सीवाल्याने दया येऊन हाकही मारली, "ताई, माथेरान इकडे!" तेव्हापासून मे अखेरपर्यंत अशा चौदा फेऱ्या झाल्या. दोन फसल्या, एक चुकून झाली, बाकीच्या बऱ्या ते उत्तम. ज्यांना गड चढायचा नाही, रिसॉर्टमध्ये पैसे घालवायचे नाहीत, पण रविवारी घरात बसवतही नाही, त्यांच्यासाठी हा अनुभव लिहितेय.

पहिल्या दोन-तीन वेळा आम्ही सगळे करतात तेच केलं. स्टेशनवर उतरायचं, एखादं 'ठिकाण' गाठायचं, डबा खायचा आणि त्याच वाटेने परत. परतीची वाट इतकी कंटाळवाणी व्हायची की घरी येईपर्यंत आमचं बोलणंच संपलेलं असायचं. मग नणंदेने नकाशा उघडला आणि म्हणाली, "वहिनी, नदी आणि रूळ शेजारी शेजारीच चाललेत की. परत कशाला यायचं? पुढच्या स्टेशनवर गाडी पकडू." झालं, त्या दिवसापासून खेळच बदलला. कर्जतपासून बदलापूरपर्यंत रुळाच्या एका अंगाला माथेरानची डोंगररांग आणि दुसऱ्या अंगाला उल्हास नदी. डोंगर दिसतोय तोवर वाट चुकणं कठीण. पाय बोलायला लागले की शेत तुडवत रुळाच्या दिशेने वळायचं, कुठलं ना कुठलं स्टेशन लागतंच. रेल्वेच्या हिशेबाने वांगणी ते शेलू चारेक किलोमीटर, शेलू ते नेरळ तेवढंच, नेरळ ते भिवपुरी रोड सात, तिथून कर्जत सहा. नदी वळणं घेते, कुंपणं आडवी येतात, म्हणून चालणं यापेक्षा पुष्कळ जास्त होतं. सुरुवातीला दीडपट धरून चाला.

आता एक गोष्ट, जी आम्हाला चौथ्या फेरीला कळली आणि जिच्यामुळे नणंदेचे गुडघे वाचले. चालायचं ते कर्जतच्या दिशेने, म्हणजे नदीच्या प्रवाहाच्या उलट. कारण नदी नाही, गाडी. रविवारी संध्याकाळी नेरळला माथेरानहून उतरलेली सगळी मुंबई फलाटावर उभी असते. आधीच भरून आलेल्या लोकलच्या लेडीज डब्यात पाय ठेवायला जागा मिळाली तरी नशीब. कर्जतहून गाडी सुटते, त्यामुळे रिकामी लोकल उभी असते. बटाटेवडा घ्यायचा, खिडकी पकडायची आणि चपला काढून पाय मोकळे करायचे. तोटा एवढाच की सकाळचं ऊन तोंडावर येतं. टोपी घाला.

नदीबद्दल मात्र जरा सविस्तर लिहायला हवं, कारण आम्ही तिथे चक्रावलो होतो. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कर्जतजवळ उल्हास अगदी डबक्यांवर आलेली. कातळ उघडे, मधे मधे डोह, त्यात म्हशी. त्याच महिन्यात नेरळ–कळंब रस्त्यावरच्या पुलाखाली बघतो तर नदी चांगली वाहती, थंडगार. खाली जाताना पाणी वाढलं कसं? उत्तर घाटावर आहे. आंद्रा नदी वर मावळात ठोकरवाडीला अडवलीय. तिचं पाणी नळांतून घाटाखाली सोडून भिवपुरीच्या केंद्रात वीज तयार होते, ती 1922 पासून. वापरून झालेलं पाणी पेज नदीत येतं आणि पेज उल्हासला मिळते. म्हणजे इंद्रायणी, भीमा, कृष्णा असा प्रवास करत बंगालच्या उपसागराला जायचं पाणी इथे वळून वसईच्या खाडीला जातं. आणि हो, भिवपुरी रोड स्टेशनला उतरून हे केंद्र शोधू नका. ते तिथून बरंच लांब, घाटाच्या पायथ्याशी आहे.

हे ज्ञान आम्हाला नकाशाने दिलं नाही. पुलाच्या खालच्या अंगाला नदी घोटाभर होती आणि पलीकडच्या काठावर करंजाची गर्द सावली. आम्ही सलवारी वर खोचल्या, तेवढ्यात कपडे धुणाऱ्या एका आजींनी हटकलं. "जा, पन लवकर या. दुपारचं पानी वाढतंय." आभाळात ढगाचा ठिपका नाही, पाणी कुठून वाढणार? तरी गेलो नाही, अलीकडेच एका कातळावर बसून डबा उघडला. आजींनी मधेच उठून वाळत घातलेली लुगडी तीन हात वर सरकवली आणि प्रत्येकावर नवा दगड ठेवला. आमची पोळीभाजी संपून ताकावर येईपर्यंत कातळाची खालची पायरी, जिच्यावर नणंदेने चपला काढून ठेवल्या होत्या, ती ओली झाली. मग दिसेनाशी झाली. एक चप्पल वाचली. आवाज नाही, लोंढा नाही, पाणी नुसतं चढत गेलं. वर वीज जास्त लागली की खाली पाणी वाढतं, असं आजींनी समजावलं आणि नंतर मला उन्हाळ्यात नदी ओलांडायचं धाडस कधी झालं नाही. नणंद त्या दिवशी एका पायात चप्पल आणि एका पायात माझा ओढणीचा तुकडा घालून स्टेशनापर्यंत आली.

चुकून झालेली फेरी डिसेंबरातली. आमच्या मार्गावर इंडिकेटरवर कर्जतला 'एस' आणि कसाऱ्याला 'एन' लिहितात, हे लहानपणापासून माहीत आहे. पण पहाटे साडेपाचला डोळ्यांवर झोप असली की सगळं सारखंच दिसतं. कल्याणनंतर विठ्ठलवाडीऐवजी शहाड आलं तेव्हा कळलं. उतरून मागे जाण्यापेक्षा खडवलीला उतरलो आणि भातसा नदी गाठली. खरं सांगते, थंडीतल्या सकाळी या काठाइतकं शांत काही मी लोकलच्या टप्प्यात पाहिलं नाही. पाण्यावर वाफ, कातळावर पंख पसरून वाळत बसलेला पाणकावळा, आणि थंडीत येणारे धोबी पक्षी शेपटी हलवत काठाने फिरणारे. हीसुद्धा बारमाही नदी, आणि हीसुद्धा माणसाच्या हुकमाने वाहणारी. वर भातसा धरणातून सोडलेलं पाणी नदीतूनच वाहत येतं आणि पिसे इथे मुंबईसाठी उचललं जातं. म्हणजे तिकडे उल्हासमध्ये आपले दिवे वाहतात आणि इकडे आपले नळ. पण खडवलीला मार्चनंतर रविवारी जाऊ नका. सहलीवाल्यांचे स्पीकर, प्लास्टिकच्या ताटल्या आणि पोहता न येता पाण्यात उतरणारी पोरं, सगळं बघून जीव नकोसा होतो. दरवर्षी इथे माणसं बुडतात. वरून शांत दिसणाऱ्या डोहात खाली काय आहे ते गावकऱ्यालाच ठाऊक.

आता कुरकुर. या काठांना आखलेली वाट अशी नाही. कुठे बांधावरून, कुठे गुरांच्या वाटेने, कुठे थेट कुणाच्या तरी वालाच्या शेतातून. शेतकऱ्याला विचारून गेलं की कुणी अडवत नाही, उलट शेंगा हातावर ठेवतात. अडवतात ती फार्महाउसची कुंपणं. नदीला अगदी खेटून तारा मारलेल्या, आत हिरवळ आणि कुत्रा. शेलू–नेरळ टप्प्यात तर तीनदा रस्त्यावर यावं लागलं, आणि डंपरच्या धुळीतून चालणं याला मी भटकंती म्हणणार नाही. तो टप्पा मी कुणाला सुचवत नाही.

दुसरं, स्वच्छतागृह. बायकांनी हे आधीच धरून चालावं. स्टेशन सोडल्यावर पुढच्या स्टेशनापर्यंत काही नाही, आणि स्टेशनातलं उघडं असेलच असंही नाही. आम्ही गाडीत पाणी कमी पितो आणि चालताना भरपूर, एवढाच उपाय सापडलाय. तिसरं, कुसळं. दिवाळीनंतर गवत वाळलं की मोज्यांत, सलवारीच्या काठांत अशी घुसतात की सोमवारी ऑफिसातही टोचतात. लोकरी किंवा जाड सुती मोजे अजिबात नकोत. चार फेऱ्यांनंतर मी मोजेच सोडले, पट्ट्याच्या सँडल घालते. सापाचं म्हणाल तर घोणस एकदाच दिसली, बांधाच्या बिळाशी, आणि ती आमच्याकडे ढुंकूनही न बघता गेली. हातात काठी असू द्या, आपटत चाला. चौथं अगदी बारीक, पण दंड बसू शकतो. तुमचा पास डोंबिवली ते मुंबईचा असेल तर या बाजूला तो चालत नाही. वेगळं तिकीट काढा. रविवारचा ब्लॉक, म्हणजे रुळांच्या कामासाठी गाड्या कुठे आणि किती वेळ बंद आहेत ते, आदल्या रात्री बघून ठेवा. आमची एक फसलेली फेरी न बघितल्याचीच.

ऋतूंचं सांगायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी डोळे मिटून जा. भात निघालेलं असतं, त्याच ओलीवर वाल पेरलेला असतो, चालायला जमीन कोरडी. फेब्रुवारीत काटेसावर आणि पळस फुलतात, पान एक नाही आणि झाड लालभडक. मार्चपासून शेतात राब भाजायला सुरुवात होते. पालापाचोळा, शेण पसरून पेटवतात आणि पुढे त्याच जागी भाताची रोपं करतात. दिसायला छान, पण धूर घशात बसतो. मे महिन्यात सकाळी दहापर्यंतच काय ते. मात्र मेमध्ये कर्जत स्टेशनाबाहेर कातकरी बायका करवंदं आणि जांभळं पानांच्या द्रोणात घेऊन बसतात, त्यासाठी मी एकदा चालायचं सोडून नुसती जाऊन आले. पावसाळा आम्ही बंद ठेवलाय. धबधब्यांवर आणि धरणांजवळ तेव्हा बंदीचे आदेश असतात, ते वेगळंच. पण भातखाचरातल्या पाण्यात उघड्या जखमेने चाललं तर लेप्टोच्या तापाची भीती खरी आहे, आणि आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत चिखलणी झालेल्या बांधांवरून आपण नाचणं शेतकऱ्याला कसं आवडेल?

अंबरनाथला गेलो होतो, तेही सांगते. वालधुनीच्या काठावरचं शिवमंदिर 1060 सालचं, शिलाहारांच्या काळातलं. दगडातलं एवढं बारीक काम बघून मान दुखेपर्यंत वर बघत राहिलो. नदी मात्र नाक धरून बघायची. मंदिरासाठी जा, काठाने चालायला नको.

राहिला तो वांगणी ते बदलापूर. अकरा किलोमीटरमध्ये मधे स्टेशन नाही, त्यामुळे एकदा निघालं की पूर्ण करायचं नाहीतर मागे फिरायचं. आम्ही दोनदा मागे फिरलो. याच पट्ट्यात 27 जुलै 2019 ला उल्हासचं पाणी रुळांवर येऊन महालक्ष्मी एक्स्प्रेस हजारभर प्रवाशांसकट अडकली होती, होड्यांनी माणसं काढावी लागली. दुसऱ्या वेळी आम्ही फेब्रुवारीच्या उन्हात त्या सपाटीवर उभ्या होतो. नदी कुठे, रूळ कुठे, एवढ्या अंतरावरून पाणी इथवर आलं कसं याचा अंदाज लागेना. नणंदेने रुळाशेजारच्या एका बाभळीकडे बोट दाखवलं. माझ्या डोक्याच्या वर, फांदीच्या बेचक्यात, कुठल्याशा पुरात अडकलेला गोणपाटाचा तुकडा आणि वाळका गाळ होता. तिथूनच वांगणीला परतलो, कारण तिची सँडल तुटली होती. चपलांच्या बाबतीत तिचं नशीब हे असंच. दिवाळीनंतर तिसऱ्यांदा जाणार आहोत, तिने बूट घेतले तर.