हजेरी, एटीकेटी आणि रिन्यूअल : तालुक्यातील एका शिष्यवृत्ती केंद्राचे परीक्षण

महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, पहिल्या वर्षाचा अर्ज भरून देणारी दुकाने विदर्भातील प्रत्येक तालुक्याच्या गावी आहेत. एकदा मंजूर झालेली शिष्यवृत्ती दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षीही चालू राहावी म्हणून वर्षभर विद्यार्थ्याच्या मागे लागणारे दुकान मात्र क्वचितच आढळते. यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी बसस्थानकालगत असे एक केंद्र आहे. आमच्या गावातील बरीच मुले-मुली तिथूनच अर्ज भरतात, आणि निवृत्त शिक्षक म्हणून त्यांच्यापैकी अनेकांसोबत मीही तिथल्या बाकावर बसलेलो आहे. केंद्राचे नाव इथे देत नाही, कारण पुढे त्याचे दोषही सांगायचे आहेत आणि चालक तरुण, कष्टाळू मनुष्य आहे. शिवाय इथे लावलेली कसोटी वाचकाला आपल्या तालुक्यातील केंद्रालाही लावून पाहता येईल.

जागा लहान आहे. दोन संगणक, एक झेरॉक्स यंत्र आणि लॅमिनेशनची सोय, एवढाच सरंजाम. सातबारा, उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज, पीक विमा ही कामेही त्याच खिडकीवर होतात, त्यामुळे खरिपात विम्याची मुदत जवळ आली की विद्यार्थ्यांना तासन्‌तास ताटकळावे लागते. पंखा आहे, वीज असली तर तो फिरतो.

या केंद्राची खरी किंमत त्याच्या वहीत आहे. अर्ज भरलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावाने त्या वहीत एक पान असते आणि त्यावर योजना, अभ्यासक्रम, वर्ष, राहिलेले विषय आणि हजेरी यांची नोंद होते. हिवाळी परीक्षेच्या आधी आणि उन्हाळी परीक्षेच्या आधी चालक या विद्यार्थ्यांना फोन करून चौकशी करतो. एका मुलीच्या आईला तो समजावत होता, “काकू, पोरगी पास झाली म्हंजे पैशे येतेतच असं नाही नं, हजेरी बी पाहतेत.” हे वाक्य साधे असले तरी आमच्या भागातील पालकांना ते कोणी वेळेवर सांगत नाही. शिष्यवृत्ती एकदा लागली की पदवी हातात पडेपर्यंत ती मिळतच राहते, अशी सर्वसाधारण समजूत असते. वास्तविक ती दरवर्षी नव्याने टिकवावी लागते आणि टिकवण्याच्या अटी प्रत्येक योजनेत वेगळ्या आहेत.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचेच पाहा. पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांपर्यंत असावे ही अट बहुतेकांना पाठ असते, परंतु ७५ टक्के हजेरीची अट अर्जाच्या वेळी कोणी फारशी मनावर घेत नाही. विद्यार्थी एखाद्या वर्षी अनुत्तीर्ण झाला तर त्या वर्षाची परीक्षा फी आणि निर्वाह भत्ता त्याला मिळतो, मात्र पुढच्या वर्गात जाईपर्यंत पुन्हा लाभ मिळत नाही. म्हणजे तेच वर्ष दुसऱ्यांदा करायचे तर खर्च घरच्यांच्या खिशातून जातो. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत उत्पन्नाची मर्यादा ८ लाख रुपये आहे. तिच्यात मागील सत्रात किमान ५० टक्के हजेरी, प्रत्येक परीक्षेला बसणे आणि शिक्षणात दोन वर्षांचा खंड न पडणे या अटी आहेत. बारावीत बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाईलमध्ये आलेल्यांना पदवीसाठी वर्षाला १२,००० रुपये देणारी केंद्रीय क्षेत्र योजना महाडीबीटीवर नसून राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर आहे, आणि तिच्या नूतनीकरणासाठी वार्षिक परीक्षेत किमान ५० टक्के गुण व ७५ टक्के हजेरी अशा दोन्ही गोष्टी लागतात. एकाच बाकावर बसणारे तीन मित्र एकाच निकालावर तीन वेगळ्या स्थितींत जाऊ शकतात. गावात कट्ट्यावर मिळणारा सल्ला बहुधा चुकतो तो यामुळे, कारण सांगणारा स्वतःच्या योजनेचा अनुभव सांगत असतो.

हजेरीचा प्रश्न आमच्याकडे पुस्तकी नाही. सोयाबीनची सोंगणी आणि त्यापाठोपाठ कापसाची वेचणी नेमकी वर्ग भरात असताना येते. मजुरी वाचवायची म्हणून घरातील कॉलेजला जाणारा मुलगा किंवा मुलगी दिवसामागून दिवस शेतात जाते, एसटीचा पास खिशात तसाच राहतो आणि डिसेंबरमध्ये हजेरीपटावर मोठी पोकळी दिसू लागते. गडचिरोलीकडे उन्हाळ्यात मोहफुले आणि तेंदूपत्ता, भंडारा-गोंदियाकडे धानाची कापणी. पीक बदलते, अडचण तीच. कला शाखेत हजेरीकडे कानाडोळा होतो असे मानून मुले निर्धास्त राहतात, परंतु रिन्यूअलचा, म्हणजे नूतनीकरणाचा, अर्ज महाविद्यालयाच्या लॉगिनमध्ये छाननीला जातो आणि लिपिकाने नियमावर बोट ठेवले तर वाद घालायला जागा उरत नाही. केंद्राचा चालक वेचणी सुरू होण्यापूर्वीच विद्यार्थ्यांना महाविद्यालयातून हजेरीचा आकडा विचारून आणायला लावतो. आकडा कमी असेल तर उरलेल्या दिवसांचा हिशेब कागदावर करून देतो आणि पालकांनाही दाखवतो. माझ्या पाहण्यात हे काम दुसरे कोणी करत नाही, महाविद्यालयेसुद्धा नाहीत.

एटीकेटीच्या, म्हणजे काही विषय राहूनही पुढच्या वर्षात जाण्याच्या सवलतीच्या, बाबतीतही त्याची समज चांगली आहे. विषय राहिला तरी पुढच्या वर्षात प्रवेश मिळाला असेल तर रिन्यूअल भरता येतो, हे न कळल्यामुळे काही विद्यार्थी त्या वर्षी अर्जच करत नाहीत आणि हक्काची रक्कम सोडून देतात. उलट काही जण विषय राहिलेला असताना ‘उत्तीर्ण’ असे भरून मोकळे होतात, मग गुणपत्रिका आणि अर्ज यांचा मेळ बसत नाही व अर्ज परत येतो. हे केंद्र गुणपत्रिका समोर ठेवल्याशिवाय अर्ज पुढे पाठवत नाही. निकाल लांबला असेल तर अर्ज अर्धवट साठवून ठेवला जातो आणि अंतिम मुदतीवर चालक स्वतः नजर ठेवतो. आमच्या जिल्ह्यातील महाविद्यालये संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न आहेत. शेजारच्या चंद्रपुरात गोंडवाना विद्यापीठ आणि वर्ध्यात नागपूर विद्यापीठ असल्यामुळे बाहेर शिकणाऱ्या मुलांच्या निकालाच्या तारखा वेगळ्या पडतात. त्यांची नोंदही त्याच वहीत असते.

इथे थोडे विषयाच्या पलीकडे जातो, पण मुद्दा याच वहीचा आहे. अमेरिकेत केंद्र सरकारच्या आर्थिक मदतीवर शिकणाऱ्या विद्यार्थ्याला समाधानकारक शैक्षणिक प्रगती दाखवावी लागते. सरासरी गुण, घेतलेल्या क्रेडिटांपैकी (क्रेडिट म्हणजे अभ्यासाचा भार मोजण्याचे एकक) पूर्ण केलेल्यांचे प्रमाण आणि एकूण लागलेला काळ अशा तीन बाजूंनी ती मोजली जाते, आणि पदवी अभ्यासक्रमाच्या ठरलेल्या लांबीच्या १५० टक्क्यांपलीकडे मदत मिळत नाही. म्हणजे १२० क्रेडिटांच्या पदवीसाठी घेतलेली क्रेडिटे १८० च्या पुढे गेली की दार बंद. नियम कडक आहेत. तथापि ज्या महाविद्यालयांत दर सत्राला तपासणी होते, तिथे प्रथम घसरलेल्या विद्यार्थ्याला एका सत्रापुरता इशारा देऊन मदत चालू ठेवता येते, आणि त्यानंतरही सुधारणा झाली नाही तर आजारपण किंवा जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू यांसारखे कारण दाखवून अपील करता येते. आपल्याकडे त्रुटी असलेला अर्ज दुरुस्तीसाठी परत येतो आणि पोर्टलवर तक्रारही नोंदवता येते, परंतु ही सगळी व्यवस्था अर्ज भरल्यानंतरची आहे. वर्ष चालू असताना ‘तुझी हजेरी घसरली आहे, सावर’ असे सांगणारा टप्पा आपल्या रचनेत नाही. बसस्थानकालगतच्या या लहान दुकानाने तो आपल्यापुरता तयार केला, आणि म्हणून मी त्याची शिफारस करतो.

रक्कम खात्यात न आल्यास कारण शोधण्याची या केंद्राची पद्धतही समंजस आहे. पैसे थांबले की विद्यार्थी प्रथम गुणांना दोष देतो. पुष्कळदा दोष आधार सीडिंगचा, म्हणजे बँक खाते आधारशी जोडण्याचा, असतो, कारण थेट हस्तांतरणाची रक्कम आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जाते आणि ते खाते विद्यार्थ्याच्या ध्यानातही नसते. अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीत आणखी एक गुंता आहे. केंद्र सरकार आणि राज्य सरकार यांचा वाटा ६०:४० असा असून राज्याने आपला वाटा दिल्यानंतर केंद्र सरकारचा वाटा विद्यार्थ्याच्या खात्यात स्वतंत्रपणे जमा होतो. त्यामुळे एक भाग आला आणि दुसरा आला नाही म्हणून घाबरण्याचे कारण नसते. या रकमेत शैक्षणिक शुल्काचा भागही असतो आणि तो विद्यार्थ्याने महाविद्यालयात भरायचा असतो, हे हा चालक प्रत्येकाला बजावतो. बी.ए.ला घरून ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याचा निर्वाह भत्ता वर्षाला ३,००० रुपये आणि वसतिगृहातील विद्यार्थ्याचा ६,००० रुपये असल्याने शुल्काची रक्कम घरात खर्च झाली तर ती भत्त्यातून भरून निघत नाही.

आता दोष सांगतो, आणि पहिला दोष किरकोळ नाही. घाईच्या दिवसांत हे केंद्र काही अर्जांवर विद्यार्थ्याऐवजी स्वतःचा मोबाईल क्रमांक टाकते, म्हणजे ओटीपीसाठी मुलाला पुन्हा बोलवावे लागत नाही. लॉगिनचे नाव व पासवर्डही त्याच वहीत उघडे लिहिलेले असतात. चालक प्रामाणिक आहे याविषयी मला शंका नाही. तरीही अर्ज परत आल्याचा संदेश केंद्राच्या फोनवर येतो आणि विद्यार्थ्याला तो कळेपर्यंत दिवस निघून जातात, शिवाय वही हरवली तर काय, या प्रश्नाला उत्तर नाही. मी हे त्याला तोंडावर सांगितले, तेव्हा त्याने अनेक मुलांच्या घरी एकच फोन असतो आणि तो बापासोबत शेतात असतो, असे उत्तर दिले. अडचण खरी आहे, पण उपाय चुकीचा आहे. विद्यार्थ्याने स्वतःचा किंवा घरचा क्रमांक देण्याचा आग्रह धरावा आणि पासवर्ड घरी आल्यावर बदलावा.

दुसरा दोष ज्ञानाचा आहे. समाजकल्याण विभागाच्या योजनांत हा मनुष्य तरबेज आहे, इतर योजनांत तितका नाही. केंद्रीय क्षेत्र योजनेची ५० टक्के गुणांची अट त्याच्या वहीत नव्हती. व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीभूत प्रवेशातून गेलेल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्कात मिळणारी पूर्ण सवलतही तो विचारल्याशिवाय सांगत नाही. तेव्हा अभियांत्रिकी किंवा फार्मसीच्या विद्यार्थ्यांनी महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती कक्षातही स्वतंत्र चौकशी करणे बरे. पावतीची पद्धत नाही, हा तिसरा दोष. मागितली तर कागदावर लिहून देतात.

अर्जामागे १०० रुपये घेतात, स्कॅन व छपाईचे वेगळे. वहीतील नोंद आणि वर्षभराचे फोन यांचे पैसे घेत नाहीत. जाताना मागील वर्षाच्या दोन्ही सत्रांच्या गुणपत्रिका, चालू वर्षाची शुल्क पावती, मुदत न संपलेला उत्पन्नाचा दाखला आणि आधारशी जोडलेल्या खात्याचे पासबुक सोबत न्यावे, म्हणजे दुसरी खेप पडत नाही. सोमवारी आठवडी बाजार असतो, त्या दिवशी आणि पीक विम्याच्या शेवटच्या आठवड्यात जाऊ नये. सकाळी दहाच्या आत पोहोचणाऱ्याचे काम बहुधा त्याच दिवशी होते.