घरघंटी घ्यावी की गिरणीतच जावं? चौदा महिन्यांनंतरचा हिशेब

बेळगावच्या शहापुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशीच गिरण आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून दळण तिथंच. डबा ठेवायचा, बाजार करून येताना गरम पीठ घेऊन यायचं. घरघंटीचं खूळ मुलाचं. सासूबाई म्हणाल्या, "चाललंय ते कशाला मोडतीस?" मी दोन दिवाळ्या त्यांचंच ऐकलं, मग १ एचपीची, कपाटासारखी दिसणारी मशीन २२ हजारांना आणली.

सगळ्यात मोठी भीती बिलाची. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत २०० युनिटपर्यंत वीज फुकट म्हणतात, खरं प्रत्येक घराची मर्यादा वेगळी. आमच्यासाठी ती २०२२-२३ मधली महिन्याची सरासरी अधिक १० टक्के. आमची सरासरी ६१, म्हणजे ६७ पर्यंत बिल शून्य. मशीन आली की हे शून्य गेलं, असं मी धरूनच चालले होते. शेवटी मुलानं कागदावर मांडून दाखवलं. १ एचपी म्हणजे पाऊण किलोवॅट, तासाला पाऊण युनिट. आमचं दळण महिन्याला २३ किलो: शाळू (ज्वारी) १२, गहू ८, तांदूळ ३. तेवढं साडेतीन तासांच्या आत होतं. म्हणजे अडीच युनिट! एवढ्यासाठी दोन वर्षं घाबरत बसले.

पैशाचा हिशेब मात्र उलटा बसला. गिरणीत किलोला ६ रुपये, महिन्याला १३८. २२ हजार वसूल व्हायला तेरा वर्षं लागणार. पैसे वाचतील म्हणून घेणार असाल तर घेऊ नका.

मग मिळालं काय? भाकरी. शाळूच्या पिठाला गव्हासारखी चिकटाई मुळातच नसते. पंधरा दिवसांचं पीठ विरी गेलं की कितीही उकळतं पाणी घाला, थापताना कडेनं चिरतंच. आता दोन दिवसांपुरता मालदांडी शाळू दळते. परातीत भाकरी फिरवताना कड अखंड राहते, तव्यावर वरून पाणी फिरवून उलटली की टम्म फुगते. पहिल्या दिवशी सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त दुसरी भाकरी मागितली. उपवासाची वरी दळताना आधी कुणाची बाजरी दळलीय, हेही आता विचारावं लागत नाही.

गव्हाचं पीठ मात्र माझ्या हाताला गिरणीचंच मऊ लागतं. मशीनमध्ये पातं दाण्यावर आपटतं, दगडासारखं रगडत नाही. जाळी बदलून पाहिली, थोडा फरक पडला. आवाज म्हणाल तर मशीन चालू असताना फोन घेऊ नका.

खरी परीक्षा चवथीच्या आधी झाली. मोदकाचे तांदूळ धुऊन वाळवले होते, खरं पाऊस तो बेळगावचा, दाणा आतून ओलाच राहिला. जाळी बुजली, मोटर गुरगुरली आणि बंद. दुरुस्तीवाल्याला फोन केला, "उद्या येतो" म्हणाला. त्याचा उद्या अकराव्या दिवशी उगवला. तोवर गणपती येऊन गेले.

तांदूळ रात्रभर फॅनखाली पसरले आणि सकाळी डबा घेऊन गिरणीत गेले. वर्षभरानं. तोंड लपवावंसं वाटत होतं. गिरणीवाल्या मामांनी डबा घेतला, म्हणाले, "एन्री अक्का, वाट चुकलात काय?" एवढंच. मग आधी मूठभर तांदूळ दगडावर फिरवून जुनं पीठ काढलं, ते बाजूला झाडलं आणि मग माझे टाकले. पीठ असं आलं की पारी काठापर्यंत पातळ झाली, एकही मोदक फुटला नाही.

त्या दिवशी नजर गेली ती मागच्या चक्कीवर. पट्टा काढलेला, वर रिकामी पोती. गल्लीत सात-आठ घरी घरघंट्या आल्यात, दोन चक्क्या चालवायला दळण कुठलं? आम्ही सगळ्यांनीच जाणं सोडलं तर पुढच्या चवथीला मशीन बंद पडल्यावर डबा कुठं नेणार, हे मी घेताना धरलंच नव्हतं. तेव्हापासून गहू, मोदकाचे तांदूळ आणि दिवाळीची भाजणी मामांकडे, शाळू आणि उपवासाचं घरी. मुलगा म्हणतो, मग मशीन घेतली कशाला? त्याला भाकरी थापायला सांगितली की गप्प बसतो.

घेणार असाल तर जाळ्या जास्तीच्या मागून घ्या, दाणा कडकडीत वाळल्याशिवाय टाकू नका, आणि दुरुस्तीवाला गावात आहे की हुबळीहून येतो ते आधी विचारा. पाचपैकी साडेतीन. अर्धा जाळी घासायच्या ब्रशचा कापलाय, तो पहिल्याच महिन्यात मोडला.